भ्रूणविकासातील जनुक-अभिव्यक्तीचा डेटा ‘जीईओ’त जमा करण्याची प्रक्रिया

जीन एक्स्प्रेशन ऑम्निबस, म्हणजेच जीईओ, हे अमेरिकेच्या एनसीबीआय या जैवमाहिती केंद्राने २००० साली सुरू केलेले जनुक-अभिव्यक्तीच्या (कोणते जनुक किती सक्रिय आहे, याच्या) डेटाचे सार्वजनिक भांडार आहे. आरएनए-सीक्वेन्सिंग (आरएनएचा क्रम वाचणे), सिंगल-सेल (एकेका पेशीचे मोजमाप) आणि मायक्रोॲरे (चिपवरचे मोजमाप) यांचा डेटा इथे विनाशुल्क जमा होतो. इन सिटू हायब्रिडायझेशनची, म्हणजे जनुक भ्रूणात नेमके कुठे सक्रिय आहे हे दाखवणारी, छायाचित्रे मात्र इथली नव्हेत. उंदरासाठी जीएक्सडी आणि झेब्राफिश या छोट्या माशासाठी झेडफिन हे डेटाबेस ही त्यांची ठिकाणे.

पात्रता

डेटा तुमच्या प्रयोगातून निघालेला हवा. मानवी नमुने असतील, तर संमतिपत्रात डेटा सर्वांना खुला करण्याची परवानगी हवी. ती नसेल, तर नियंत्रित प्रवेश असलेल्या डीबीगॅप या भांडाराकडे जावे.

काय तयार ठेवायचे

तीन गोष्टी: मूळ फास्टक्यू फाइली (सीक्वेन्सिंग यंत्रातून आलेले कच्चे क्रम), प्रक्रिया केलेला डेटा आणि माहिती भरायची एक्सेल शीट. प्रक्रिया केलेल्या डेटात सर्व जनुकांचा काउंट तक्ता, म्हणजे प्रत्येक जनुकाचे किती रीड (वाचलेले तुकडे) मिळाले याची मोजणी, लागतो. फक्त लक्षणीय फरक दाखवणाऱ्या जनुकांची यादी पाठवली की अर्ज परत येतो. जीनोमची आवृत्तीही लिहावी, उदाहरणार्थ झेब्राफिशसाठी जीआरसीझेड११. टेनएक्स या सिंगल-सेल पद्धतीत पेशीची खूण, म्हणजे बारकोड, असलेली आर१ फाइल अनावश्यक समजून वगळू नये. तिच्याशिवाय कोणता रीड कोणत्या पेशीचा, हे कळत नाही.

शीटमधला खरा कस लागतो तो विकासाच्या टप्प्याच्या रकान्यात, आणि नेमका तोच घाईत भरला जातो. ‘२४ तास’ एवढेच लिहून भागत नाही. झेब्राफिशचे प्रमाणित वेळापत्रक २८.५ अंश सेल्सिअसचे आहे. पाणी थंड असेल तर भ्रूण मागे राहतो. म्हणून फलनानंतरचे तास आणि तापमान दोन्ही द्यावे. कोंबडीसाठी उबवणीच्या तासांपेक्षा भ्रूणाच्या रूपावरून ठरणारा हॅम्बर्गर-हॅमिल्टन टप्पा भरवशाचा. उंदराच्या ई१०.५ (भ्रूणाचे वय साडेदहा दिवस) सोबत सोमाइटांची (पाठीकडच्या पेशीखंडांची) संख्या द्यावी, कारण एकाच वेतातले भ्रूणही पुढेमागे असतात. एका नमुन्यात किती भ्रूण एकत्र केले, तेही लिहावे.

अर्ज

एनसीबीआयचे खाते उघडून जीईओ प्रोफाइल पूर्ण करावे. मग मिळालेल्या खासगी फोल्डरमध्ये एफटीपीने (फाइली पाठवण्याच्या पद्धतीने) डेटा फाइली चढवाव्यात आणि त्यानंतर शीट सादर करावी. फाइलींच्या नावांत मोकळी जागा नको, आणि शीटमधले नाव अक्षरशः तेच हवे. चढवताना फाइल अर्धवट तुटली, तर एमडी५ चेकसममधून (फाइलीच्या मजकुरावरून काढलेल्या पडताळणी-संकेतातून) ते उघड होते. तो आधीच काढून ठेवावा.

काउंट तक्ता एक्सेलमध्ये उघडून जतन करणे टाळावे. ‘मार्च१’ किंवा ‘सेप्ट२’ अशा जुन्या जनुकनावांच्या तारखा होतात. मानवी जनुकांची अशी नावे २०२० मध्ये बदलली गेली, पण जुन्या ॲनोटेशनमध्ये (जनुकांच्या नोंदींत) ती अजून सापडतात. एन्सेम्बल या जीनोम डेटाबेसने जनुकाला दिलेल्या ओळखक्रमांकाचा रकाना ठेवला, तर चूक दुरुस्त करता येते.

सगळे जुळले, तर साधारण ५ कामाच्या दिवसांत जीएसईने सुरू होणारा क्रमांक मिळतो. शोधनिबंधात तोच द्यायचा. निबंधाच्या परीक्षकांना खासगी डेटा पाहता यावा म्हणून वेगळे टोकन (प्रवेश-संकेत) बनवता येते, स्वतःचा पासवर्ड देऊ नये. डेटा खुला करण्याची तारीख पुढची ठेवता येते; पण हा क्रमांक असलेला निबंध आधी प्रसिद्ध झाला, तर डेटाही तेव्हाच खुला करावा लागतो.