डिजिटल कॅमेऱ्याचे अवरक्त रूपांतर

डिजिटल कॅमेऱ्याच्या सेन्सरपुढची अवरक्तरोधक काच काढून तिथे साधी पारदर्शक काच किंवा दृश्य प्रकाश अडवणारा फिल्टर बसवणे, याला अवरक्त रूपांतर म्हणतात. रूपांतर झालेल्या कॅमेऱ्याने साधारण ७०० ते १,१०० नॅनोमीटर तरंगलांबीच्या, म्हणजे तांबड्याच्या लगत पलीकडच्या आणि डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशात छायाचित्रे घेता येतात. त्यांत झाडांची पाने बर्फ पडल्यासारखी पांढरी, निरभ्र आकाश आणि संथ पाणी काळेभोर, तर माणसाची त्वचा डाग पुसल्यासारखी नितळ उमटते. नवा कॅमेरा आल्यावर अडगळीत पडलेल्या जुन्या कॅमेऱ्यावर हे काम घरी, टेबलावर बसून करता येते.

या कामाने कॅमेऱ्याला नवी दृष्टी मिळते असे सर्रास म्हटले जाते. खरे तर ती त्याच्याकडे पहिल्यापासून असते. सेन्सर सिलिकॉनचा असतो आणि सिलिकॉन सुमारे १,१०० नॅनोमीटरपर्यंतचा प्रकाश टिपतो. त्यापुढे प्रकाशकणाची ऊर्जा सिलिकॉनमधला इलेक्ट्रॉन मोकळा करायला अपुरी पडते. माणसाचा डोळा मात्र ७०० नॅनोमीटरच्या आसपास थांबतो. मधला पट्टा सेन्सरपर्यंत पोचू दिला तर रंग बिघडतात, म्हणून उत्पादक सेन्सरपुढे फिकट निळसर-हिरवी काच लावतात. ही काच कमजोर पडली तर काय होते, याचे प्रसिद्ध उदाहरण म्हणजे २००६ मध्ये आलेला लायका कंपनीचा एम८ कॅमेरा. त्यात काळे कृत्रिम कापड जांभळट दिसू लागले आणि ग्राहकांना लेन्सवर लावायचे अवरक्तरोधक फिल्टर वेगळे पुरवावे लागले.

एखाद्या कॅमेऱ्याची काच अवरक्त किती अडवते हे रिमोटने कळते. टीव्हीचा रिमोट लेन्सकडे रोखून बटण दाबले आणि कॅमेऱ्याच्या पडद्यावर पाहिले, की रिमोटच्या टोकाचा दिवा जांभळट-पांढरा लुकलुकताना दिसतो. तो अगदी अंधूक दिसला तर काच चोख आहे. झगझगीत दिसला तर बराचसा अवरक्त प्रकाश आत शिरतो आहे.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. हा कॅमेरा उष्णता पाहत नाही. माणसाच्या शरीरातून निघणारे प्रारण १०,००० नॅनोमीटरच्या आसपास सर्वांत तीव्र असते आणि सिलिकॉनला त्याचा पत्ताही लागत नाही. रूपांतरित कॅमेऱ्यालाही सूर्य किंवा दिवा लागतोच. मिट्ट काळोखात तो आपल्याइतकाच आंधळा असतो.

पाने पांढरी का?

विल्यम हर्शेल यांनी १८०० मध्ये लोलकातून सूर्यप्रकाशाचे रंग वेगळे केले आणि त्यांच्यात तापमापी ठेवून पाहिले. तांबड्याच्या बाहेर, जिथे डोळ्यांना काहीच दिसत नव्हते, तिथे तापमान सर्वांत जास्त भरले. अदृश्य किरणांचा हा पहिला पुरावा. त्या किरणांत काढलेली निसर्गदृश्ये अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट वूड यांनी १९१० मध्ये प्रसिद्ध केली आणि पाने पांढरी उमटण्याला आजही ‘वूड परिणाम’ म्हणतात.

पान अवरक्तात स्वतः प्रकाशते असे कधीकधी सांगितले जाते, ते चूक आहे. हरितद्रव्य निळा आणि तांबडा प्रकाश शोषून घेते, पण अवरक्ताला अडवत नाही. तो प्रकाश पानाच्या आतल्या स्पंजासारख्या थरात शिरतो. तिथे हवेच्या पोकळ्या आणि ओल्या पेशीभित्ती यांच्या सीमांवर तो पुन्हापुन्हा वळतो आणि त्याचा जवळजवळ निम्मा भाग बाहेर परततो. वितळलेल्या बर्फाचे पाणी पारदर्शक आणि भुसभुशीत बर्फ पांढरा, त्यामागेही हेच कारण असते. पान सुकू लागले, त्याची आतली रचना ढासळली, की हा पांढरेपणा उतरतो. उपग्रहावरून पिकांची प्रकृती पाहण्याचे तंत्र यावरच उभे आहे. आकाश काळे पडते ते मात्र हवेमुळे. हवेच्या रेणूंवरून होणारे विकिरण तरंगलांबीच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात घटते, म्हणून ४५० नॅनोमीटरच्या निळ्या प्रकाशाच्या तुलनेत ८५० नॅनोमीटरचा प्रकाश जेमतेम तेराव्या हिश्शाने विखुरतो. डोळ्यांना पुसट वाटणारे दूरचे डोंगर अवरक्त चित्रात म्हणूनच रेखीव येतात.

फिल्मच्या काळात हे छायाचित्रण जिकिरीचे होते. कोडॅकची एचआयई ही अवरक्त फिल्म पूर्ण अंधारातच कॅमेऱ्यात भरावी लागे. २००७ मध्ये तिचे उत्पादन थांबले. तोवर हौशी छायाचित्रकार डिजिटल कॅमेऱ्यांकडे वळले होते.

कॅमेरा निवडणे आणि उघडणे

पहिल्या प्रयत्नासाठी साधा, खिशात मावणारा जुना कॅमेरा घ्यावा, तोही बिघडला तरी जिवाला लागणार नाही असा. त्यात अवरक्तरोधक काच बहुधा सेन्सरवर रबरी चौकटीत नुसती टेकवलेली असते. आरशाच्या एसएलआर कॅमेऱ्यात ती दोन-तीन थरांच्या गठ्ठ्यात असते आणि पुढचा थर धूळ झटकण्यासाठी कंप पावणारा असतो. सेन्सर चुंबकांवर तरंगता ठेवून हात हलल्याचा दोष घालवणारे कॅमेरे नवशिक्याने टाळलेले बरे. तिथले चुंबक स्क्रू आणि स्क्रू-ड्रायव्हर दोन्ही ओढून घेतात आणि केबलही फार नाजूक असतात. काही सिग्मा एसएलआर कॅमेऱ्यांत, उदाहरणार्थ एसडी१४ मध्ये, ही काच वापरणाऱ्याला स्वतःच काढता येईल अशी मुद्दाम ठेवली आहे. त्या कॅमेऱ्याला शस्त्रक्रियेची गरजच नाही.

खरा धोका फ्लॅशचा आहे. फ्लॅशच्या कपॅसिटरमध्ये, म्हणजे वीज साठवणाऱ्या भागात, सुमारे ३०० व्होल्टचा साठा असतो आणि बॅटरी काढून बराच वेळ लोटला तरी तो टिकून राहतो. फ्लॅश असलेला कॅमेरा उघडला की पहिली नजर त्या बोटाच्या पेराएवढ्या नळकांड्याकडे जावी. त्याची दोन टोके स्क्रू-ड्रायव्हरने जोडून ठिणगी पाडणे हा उपाय नव्हे, त्याने सर्किट जळते आणि हातही भाजतो. काही किलो-ओहमचा जाडसर रोधक (रेझिस्टर) इन्सुलेटेड तारांनी टोकांना लावून धरावा, मग मल्टिमीटरने व्होल्टेज शून्याजवळ आल्याची खात्री करावी. ही पायरी गाळायची असेल तर कॅमेरा उघडूच नये.

जपानी कॅमेऱ्यांच्या स्क्रूंची खाच जपानी मानकाची असते. नेहमीचा फिलिप्स टोकाचा स्क्रू-ड्रायव्हर तिच्यात नीट बसत नाही आणि जोर लावला की खाच खाऊन टाकतो. स्क्रू लांबीला वेगवेगळे असतात. कागदावर कॅमेऱ्याची बाह्यरेषा काढून, दुहेरी चिकटपट्टीवर प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी चिकटवत गेले की जोडताना घोटाळा होत नाही. लांब स्क्रू आखूड स्क्रूच्या भोकात गेला तर तो थेट सर्किट बोर्डात घुसतो. प्रत्येक टप्प्यावर फोनने फोटो काढून ठेवावा.

सर्वांत जास्त कॅमेरे मरतात ते रिबन केबलपाशी. ही चपटी केबल ज्या खोबणीत बसते तिथे तांदळाच्या दाण्याएवढ्या जाडीची काळी किंवा तपकिरी कडी असते. काही कड्या झाकणासारख्या वर उचलल्या जातात, काही खणासारख्या पुढे सरकतात. कुठली कशी, हे भिंगातून पाहून ठरवल्याशिवाय हात लावू नये. कडी सुटली की केबल आपणहून सैल होते; ओढावी लागली तर कडी अजून बंदच आहे असे समजावे.

केबल मोकळ्या करून मागचा बोर्ड बाजूला घेतला की सेन्सर दिसतो. तो तीन स्क्रूंवर बसवलेला असतो. खाली स्प्रिंग किंवा कागदासारख्या पातळ चकत्या असतात. कारखान्यात सेन्सर लेन्सला अचूक समांतर राहावा म्हणून ही जुळणी केलेली असते, त्यामुळे कुठली चकती कुठल्या स्क्रूखाली होती आणि स्प्रिंगवाला स्क्रू किती फेरे फिरवल्यावर सुटला याची नोंद ठेवावी. नाहीतर चित्राची एक बाजू कायमची पुसट राहते. आता चिमट्याने अवरक्तरोधक काच उचलायची. ती ओळखायला सोपी आहे: पांढऱ्या कागदावर ठेवली की तिची निळसर-हिरवी झाक उघड होते, काही काचांवर तिरकस पाहिल्यावर गुलाबी चमकही दिसते. तिच्याखाली सेन्सरची स्वतःची रंगहीन काच असते. ती काढायची नाही. तिच्याखाली, कडेला, केसाहून बारीक तारा असतात आणि त्यांतली एक तुटली तरी सेन्सर गेला.

रिकाम्या जागेचा हिशेब

काच काढून कॅमेरा तसाच जोडला तर चित्रे बहुधा पुसट येतात आणि अनेकांना वाटते की सेन्सर हलला. कारण वेगळे असते. सुमारे १.५ वक्रीभवनांकाची काच प्रकाशाचा केंद्रबिंदू तिच्या जाडीच्या एक तृतीयांश अंतराने मागे ढकलते. १ मिलिमीटरची काच काढली, की केंद्रबिंदू सुमारे ०.३३ मिलिमीटर पुढे, लेन्सच्या दिशेने सरकतो. सेन्सर मात्र जागेवरच असतो, म्हणून कॅमेऱ्याला जवळचे नीट दिसते आणि दूरचे दिसेनासे होते. उलट बाजूने, लेन्सच्या काचेत अवरक्त प्रकाश दृश्य प्रकाशापेक्षा कमी वाकतो आणि त्याचा केंद्रबिंदू मुळातच थोडा मागे पडतो. हे दोन दोष एकमेकांना काही प्रमाणात खोडतात. काच न घालताही एखादा कॅमेरा चालतो तो या योगायोगाने. योगायोगावर विसंबू नये. काढलेल्या काचेची जाडी कॅलिपरने मोजून तितक्याच जाडीची काच परत घालणे हाच खात्रीचा मार्ग आहे. सूक्ष्मदर्शकाची काचपट्टी साधारण १ मिलिमीटर जाडीची, सपाट आणि अवरक्ताला पारदर्शक असते. काच कापायच्या हिरकणीने तिचा तुकडा पाडता येतो. कडा बारीक पॉलिश कागदावर पाण्यात घासाव्या, नाहीतर काचेची भुकटी नंतर सेन्सरवर उतरते. बंद करण्यापूर्वी रबरी फुंकणीने धूळ उडवावी, तोंडाने फुंकर घालू नये.

कुठली काच घालायची, यावर त्या कॅमेऱ्याचे पुढचे आयुष्य ठरते. पारदर्शक काच घातली तर तो दृश्य आणि अवरक्त दोन्ही टिपतो आणि हवा तो फिल्टर लेन्सवर लावता येतो. ७२० नॅनोमीटरचा, म्हणजे साधारण त्यापुढच्या तरंगलांबीचा प्रकाश आत सोडणारा फिल्टर सर्वांत रूढ. त्यातून थोडा तांबडा प्रकाश येतो, म्हणून चित्रात रंगाला वाव राहतो. ५९० नॅनोमीटरचा पानांना सोनेरी करतो. ८३० किंवा ८५० नॅनोमीटरच्या पुढे सेन्सरवरचे तांबड्या, हिरव्या, निळ्या रंगफिल्टरचे तिन्ही प्रकारचे ठिपके जवळपास सारखेच पारदर्शक होतात आणि चित्र निखळ कृष्णधवल येते. एसएलआर कॅमेऱ्यात लेन्सवर काळा फिल्टर लावला की दर्शिकेतून (व्ह्यूफाइंडरमधून) काहीच दिसत नाही; अशा कॅमेऱ्यात फिल्टर आत, सेन्सरपुढेच बसवणे सोयीचे. पडद्यावर पाहून चित्र घेणाऱ्या कॅमेऱ्यात पारदर्शक काचच घालावी, कारण मत बदलायची मुभा राहते.

फिल्टर काळा दिसतो म्हणून त्यातून सूर्याकडे पाहणे घातक आहे. बाहुली मोठी होते आणि अवरक्त प्रकाश थेट आत शिरतो.

प्रकाश, लेन्स आणि रंग

रूपांतराआधी लेन्सवर ७२० नॅनोमीटरचा फिल्टर लावून चित्र घ्यायचे तर भर उन्हातही कॅमेरा तिपाईवर ठेवून काही सेकंद थांबावे लागते आणि वाऱ्याने पाने पुसली जातात. रूपांतरानंतर तेच चित्र हातात धरून, एका सेकंदाच्या शंभराव्या भागात घेता येते. जुन्या पिवळ्या दिव्याच्या प्रकाशात अवरक्त भरपूर असतो. पांढऱ्या एलईडीत जवळजवळ नसतो, त्यामुळे एलईडीने उजळलेली खोली या कॅमेऱ्याला काळोखी वाटते.

काही लेन्स चित्राच्या मध्यभागी फिकट गोल डाग पाडतात. लेन्सच्या आतला काळा रंग आणि भिंगांवरचे लेप दृश्य प्रकाशासाठी जमवलेले असतात, अवरक्त त्यांवरून उसळतो. लेन्सचे प्रकाश आत सोडणारे छिद्र लहान केले की डाग अधिक ठळक होतो. तो लेन्सच्या जातीचाच गुण असल्याने महागडी लेन्सही यातून सुटेलच असे नाही, छिद्र एफ ५.६ ते ८ च्या दरम्यान ठेवून चित्र घेणे आणि लेन्स आधी तपासून पाहणे एवढेच हातात असते.

सरळ घेतलेले चित्र लालभडक येते. हिरवळीवर कॅमेरा रोखून व्हाइट बॅलन्स (पांढरे कशाला मानायचे ते) ठरवला की पाने पांढरी होतात आणि आकाशाला तपकिरी छटा येते. मग संगणकावर चित्राच्या लाल आणि निळ्या रंगवाहिन्यांची अदलाबदल केली की आकाश निळे होते. हे निळे आकाश खोटेच, पण पांढऱ्या रानावर ते शोभते. रॉ, म्हणजे सेन्सरच्या कच्च्या नोंदीच्या स्वरूपात चित्र घेतले असेल तर या फेरफाराला जागा राहते. जेपेगमध्ये लाल वाहिनी आधीच ओसंडून वाहिलेली असते.

काढलेली काच भिंग पुसायच्या मऊ कागदात गुंडाळून, कॅमेऱ्याचे नाव लिहून जपून ठेवावी. पारदर्शक काचेच्या कॅमेऱ्यावर अवरक्तरोधक फिल्टर लावला तर नेहमीचे रंग जवळपास परत मिळतात. आत फिल्टर बसवलेला असेल तर मात्र कॅमेरा पुन्हा उघडून तीच काच जागेवर बसवावी लागते.