‘डायलेट झालंय’ म्हणजे ‘सायक्लो झालंय’ नव्हे

शनिवारची सकाळ, ओपीडी गच्च. ठाण्यातलं नौपाडा असो की घोडबंदर रोड, डोळ्यांच्या कुठल्याही दवाखान्यात एक वाक्य हमखास कानावर पडतं: ‘मॅडम, मुलगा डायलेट झालाय, नंबर काढून घ्या.’ टॉर्च मारून बाहुली टपोरी दिसली की काम झालं, असा यामागचा हिशेब. हा हिशेब चुकीचा आहे: मुलाचा नंबर काढायला नुसतं डायलेशन (बाहुली मोठी होणं) पुरत नाही, सायक्लो (सायक्लोप्लेजिया, म्हणजे थेंबांनी डोळ्याची फोकस करण्याची ताकद तात्पुरती बंद होणं) लागतं. तरी नव्याने कामाला लागलेल्या टेक्निशियनपासून चांगल्या मुरलेल्यांपर्यंत सगळे तो बिनदिक्कत करतात.

डायलेशन तुम्हाला माहीत आहे. मधुमेहाचे आजोबा येतात, पडदा बघायचा असतो, थेंब घालून बाकावर बसवायचं, अर्ध्या तासाने आत पाठवायचं. थेंबांआधी दृष्टी आणि प्रेशर नोंदवायचं, बाहुलीची प्रतिक्रिया तपासायची (थेंबांनंतर आरएपीडी, म्हणजे दोन बाहुल्यांच्या प्रतिक्रियेतला फरक, शोधण्यात काही अर्थ नसतो), बाजूने टॉर्च धरून पुढचा कप्पा उथळ तर नाही ना हे बघायचं. परत जाताना आजोबांना स्कूटर चालवू द्यायची नाही. यावर आणखी लिहीत बसत नाही.

आता खरी मेख. आयरिसमध्ये (बाहुलीभोवतीच्या रंगीत कड्यात) दोन स्नायू असतात. एक बाहुली आवळणारा स्फिंक्टर, दुसरा तिला ताणून मोठी करणारा डायलेटर. तिसरा स्नायू आयरिसच्या मागे आहे, सिलिअरी. त्याचा बाहुलीच्या आकाराशी संबंध नाही. तो आकुंचन पावला की भिंग फुगतं आणि जवळचं स्पष्ट दिसतं. स्फिंक्टर आणि सिलिअरी पॅरासिम्पथेटिक नसांवर चालतात, डायलेटर सिम्पथेटिकवर. फेनिलेफ्रिन फक्त डायलेटरला ताणतं, सिलिअरीला हातही लावत नाही. ट्रोपिकामाइड स्फिंक्टर छान सैल करतं, सिलिअरीवर मात्र त्याचा असर कमजोर आणि थोड्या वेळाचा. सायक्लोपेंटोलेट, होमॅट्रोपिन आणि अ‍ॅट्रोपिन हे सिलिअरीला नीट गप्प बसवणारे. त्यामुळे सायक्लोच्या प्रत्येक औषधाने बाहुली मोठी होते, पण बाहुली मोठी करणाऱ्या प्रत्येक औषधाने सायक्लो होत नाही. दार सताड उघडं आहे म्हणून घरातला माणूस झोपला असं कोणी म्हणत नाही, पण आपण रोज तेच म्हणतो.

साठीच्या माणसात हा घोळ खपून जातो, कारण त्याच्याकडे गप्प बसवण्यासारखी फोकसची ताकद फारशी उरलेलीच नसते. दहा वर्षांच्या मुलाकडे ती साधारण १४ डायॉप्टर (चष्म्याचा नंबर मोजायचं एकक) असते. खरा नंबर +५ असलेलं मूल सिलिअरी आवळून त्यातला बराच भाग सहज झाकून टाकतं. ऑटोरेफ (नंबर काढणारं मशीन) मग +१ दाखवतं, कधी शून्य, कधी चक्क मायनस. मशिनीतल्या चित्रातला फुगा मुलाला ‘लांब’ वाटेलच असं नाही. तो मशिनीत डोकावतो आणि फोकस लावून बसतो. अशा मुलाला मायनसचा चष्मा मिळाला की डोकं आणखी दुखतं, आणि जवळचं बघताना डोळा आत वळत असेल तर तिरळेपणा वाढतो. आईबाबा नव्या दवाखान्यात जातात, तिथेही नुसतं डायलेट करून तोच आकडा निघतो, आणि मग ‘दोन ठिकाणी सारखाच नंबर आला’ याचा सगळ्यांना भरवसा वाटतो.

मग सायक्लो झालंय हे ओळखायचं कसं? बाहुलीच्या आकारावरून तर नाहीच. टॉर्च मारा. बाहुली अजून आकुंचन पावत असेल, तर स्फिंक्टरसुद्धा पुरता सैल झालेला नाही, सिलिअरीचं तर विसराच. प्रतिक्रिया बंद झाली तरी लगेच निर्धास्त होऊ नका. रेटिनोस्कोप (डोळ्यात प्रकाशाची पट्टी फिरवून नंबर काढायचं उपकरण) लावा. रिफ्लेक्स (बाहुलीतली चमक) क्षणात ‘विथ’ (पट्टीच्याच दिशेने), क्षणात ‘अगेन्स्ट’ (उलट दिशेने) होत असेल, न्यूट्रल (चमक सरकायची थांबते तो आकडा) एका जागी टिकत नसेल, तर मूल अजून फोकस करतंय. त्याला परत बाहेर बसवा. न्यूट्रल ठरवताना बाहुलीच्या मधल्या तीन-चार मिलिमीटरमध्येच बघा. मोठ्या बाहुलीच्या कडेला दिसणारी हालचाल फसवी असते.

मोबाइलवरून अंदाज येतो. थांबलेल्या मुलाच्या हातात आईबाबा मोबाइल देतातच. पाऊण तास झाला तरी मूल बारीक अक्षरं आरामात वाचत असेल तर सावध व्हा. अर्थात मायनसवाल्याला ही परीक्षा लागू नाही. −४ चं मूल चष्मा काढून २५ सेंटीमीटरवरचं काहीही न करता स्पष्ट बघतं.

बाकीचे फरक किरकोळ. ट्रोपिकामाइड काही तासांत उतरतं, सायक्लोपेंटोलेट साधारण दिवसभरात, होमॅट्रोपिन एक-दोन दिवस घेतं, अ‍ॅट्रोपिन दोन आठवड्यांपर्यंत रेंगाळतं. सायक्लोपेंटोलेट चांगलंच झोंबतं. काही मुलं त्याने पेंगतात किंवा असंबद्ध बडबडतात, म्हणून फिट्सचा इतिहास आधी विचारा. आपल्याकडच्या गडद आयरिसवर सगळंच सावकाश चढतं. बाटलीच्या लाल झाकणावर विसंबू नका, नुसतं डायलेट करणाऱ्या आणि सायक्लो करणाऱ्या, दोन्ही गटांच्या औषधांना लालच असू शकतं. लेबल वाचा.

मला खरी चीड येते ती केसपेपरवरच्या ‘डायलेटेड रेफ’ (बाहुली मोठी करून काढलेला नंबर) या दोन शब्दांची. कशाने? किती टक्के? किती वाजता? रेटिनोस्कोपीत ६६ सेंटीमीटरवर +७ ला न्यूट्रल मिळालं, तर तपासणाऱ्याच्या अंतराचे १.५ वजा करून +५.५ उरतात. त्यातून औषधानुसार टोनसचे (सिलिअरीच्या नेहमीच्या ताणाचे) आणखी वजा करायचे की नाही, हे डॉक्टर ठरवणार. अ‍ॅट्रोपिनला १, सायक्लोपेंटोलेटला ०.७५ असा रूढ हिशेब आहे, पण डोळा आत वळणाऱ्या मुलाला बहुतेकदा पूर्ण प्लस दिला जातो. औषधाचं नावच लिहिलेलं नसेल तर डॉक्टर कशातून काय वजा करणार? ‘सीपी (सायक्लोपेंटोलेट) १%, १०.१० आणि १०.२०, रेटिनोस्कोपी ११.००’ एवढं लिहायला दहा सेकंद पुरतात.

अ‍ॅट्रोपिनचं मलम डॉक्टर सहसा लहान आणि तिरळ्या मुलांना देतात, तपासणीआधी तीन दिवस घरी लावायला. शक्य असेल तर मे महिन्याच्या सुट्टीत, कारण शाळा चालू असताना दोन आठवडे पुस्तक धूसर दिसणं कोणालाच परवडत नाही. उन्हासाठी टोपी आणि गॉगल लागतोच. आईला सांगा: तांदळाच्या दाण्याएवढंच मलम, लावल्यावर नाकाकडचा कोपरा दाबून धरायचा, आणि नंतर आपले हात धुवायचे, नाहीतर तिचीच बाहुली मोठी होईल. चेहरा लाल झाला, अंग तापलं, तर मलम थांबवून फोन करायचा.

हल्ली या घोळात एक नवी भर पडली आहे. वाढता मायनस रोखायला काही मुलांना ०.०१% अ‍ॅट्रोपिनचे थेंब चालू असतात. ‘आमच्याकडे अ‍ॅट्रोपिन चालूच आहे’ असं आई म्हणते आणि टेक्निशियन सायक्लो झालं असं धरून चालतो. तो डोस तपासणीसाठीच्या १% डोसपेक्षा शंभर पटीने सौम्य आहे. त्याने नंबर काढण्यापुरता सिलिअरी गप्प बसत नाही. त्या मुलाला रीतसर सायक्लोपेंटोलेट लागेल, डॉक्टरांना विचारून.