गोळी खाली का जाते?

अमेरिकेत सामान्य नागरिकांना पिस्तूल चालवायला शिकवणाऱ्या वर्गात पहिल्या तासाच्या शेवटी टार्गेटचे कागद उतरवले, की बहुतेकांवर सारखंच चित्र दिसतं. उजव्या हाताने चाप ओढणाऱ्यांची छिद्रं केंद्राच्या खाली आणि डावीकडे, डावखुऱ्यांची खाली आणि उजवीकडे. शिकणाऱ्याची पहिली शंका साइटवर, म्हणजे नेम धरायला पिस्तुलावर बसवलेल्या पुढच्या खुंटीवर आणि मागच्या खाचेवर असते. मग प्रशिक्षक तेच पिस्तूल घेऊन पाच गोळ्या मारतो आणि त्या मधोमध लागतात. पिस्तूल ठीक असतं. चूक चाप ओढण्याच्या शेवटच्या क्षणात असते, आणि ती ओळखणं हेच या प्रशिक्षकाचं निम्मं काम.

ही चूक केवढी असते, ते आकड्यांत पाहू. ग्लॉक 17 हे 9 मिलिमीटरचं पिस्तूल तिकडे सर्रास वापरात आहे. त्याच्या मागच्या खाचेपासून पुढच्या साइटपर्यंतचं अंतर सुमारे 165 मिलिमीटर. चाप सुटताना पुढची साइट फक्त 1 मिलिमीटर खाली गेली, तर 7 यार्डांवर, म्हणजे 6.4 मीटरवर, गोळी जवळपास 39 मिलिमीटर खाली लागते. 25 यार्डांवर हाच फरक 14 सेंटिमीटरच्या आसपास जातो. मात्र चाप पूर्ण दाबेपर्यंत साइट खाचेत मध्यावर ठेवली, तर हात थोडा थरथरला तरी 7 यार्डांवर फारसं बिघडत नाही. स्थिर उभ्या माणसाचा हातही थोडा हलतोच. त्या हलण्याला घाबरून ‘आत्ता!’ म्हणत चाप हिसकणारा नेमबाज थरथरीपेक्षा कितीतरी मोठी चूक ओढवून घेतो.

आता वेळेचा हिशोब. 115 ग्रेनची, म्हणजे साधारण साडेसात ग्रॅमची गोळी 9 मिलिमीटरच्या पिस्तुलातून सेकंदाला 350 मीटरच्या आसपास वेगाने बाहेर पडते. जेमतेम 11 सेंटिमीटरची नळी ती एका मिलिसेकंदाच्याही आत पार करते. तेवढ्या वेळात वरची स्लाइड, म्हणजे प्रत्येक बाराला मागेपुढे सरकणारा वरचा भाग, काही मिलिमीटरच मागे सरकलेली असते. पिस्तुलाचं तोंड वर उडालेलं आपल्याला दिसतं, तोवर गोळी कागदातून आरपार गेलेली असते. मोठ्या आवाजाला माणसाची सगळ्यात जलद प्रतिक्रिया, डोळ्यांची उघडझाप, तीही यायला 30 ते 40 मिलिसेकंद लागतात. म्हणजे झालेल्या बाराला दचकून नेम बिघडूच शकत नाही. बिघडतो तो होणाऱ्या बाराला दचकून.

मेंदू हालचाल करताना पुढे काय होणार याचा अंदाज आधीच बांधतो आणि स्नायूंना तसे आदेश देऊन ठेवतो. यात अनुमस्तिष्काचा, म्हणजे मेंदूच्या मागच्या बाजूच्या, हालचाली जुळवणाऱ्या भागाचा मोठा वाटा आहे. भरलेली समजून रिकामी बादली उचलली की हात झटक्यात वर जातो, तो याच आगाऊ आदेशामुळे. पिस्तुलाच्या दोन-चार बारांतच मेंदू शिकतो की चाप इतका मागे आला की तोंड वर उसळतं, म्हणून त्याच क्षणी खाली दाबायचं. दाब बरोबर असतो, वेळ चुकते. तो गोळी सुटण्याच्या अंशभर आधी पडतो. ‘घाबरू नका’ म्हणून हे थांबत नाही, कारण शिकणाऱ्याला भीती वाटत असेलच असं नाही. अगदी शांत डोक्याची माणसंसुद्धा असं दाबतात, आणि आपण दाबलं हे त्यांना कळतही नाही. बाराच्या धुमश्चक्रीत ते झाकलं जातं.

ते उघडं पाडायला जुना आणि अजूनही सर्वांत भरवशाचा उपाय म्हणजे खऱ्या काडतुसांत डमी मिसळणं. डमी काडतुसाचा आकार खऱ्यासारखाच असतो, पण आत दारू नसते. मॅगझीन, म्हणजे मुठीत बसणारी काडतुसांची पेटी, प्रशिक्षकाने भरायचं, शिकणाऱ्याने नाही. दहा काडतुसांत तीन-चार डमी, त्याही ठरावीक क्रमाने नाहीत. शिकणारा चाप ओढतो, डमी येते, ‘खट्’ आवाज होतो, आणि धक्का नसतानाही पिस्तुलाचं तोंड चक्क बोटभर खाली जातं. हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्यावर समजावून सांगायला फारसं काही उरत नाही. तोंड खाली गेलं, तर पुढच्या खऱ्या काडतुसाआधी मॅगझीन काढून, रिकाम्या पिस्तुलाने जागेवरच पाच-सहा वेळा कोरडा चाप ओढायला लावायचा, साइट हलेनाशी होईपर्यंत. डमीचा रंग वेगळा हवा आणि ती वेगळ्या डबीत हवी. खऱ्याच्या ढिगात एक डमी राहिली तर फार तर सराव अडतो, पण डमीच्या डबीत एक खरं काडतूस राहिलं तर माणूस जाऊ शकतो.

या चाचणीची एक मर्यादा अनेक प्रशिक्षकही विसरतात. कसलेला नेमबाज भराभर गोळ्या मारताना मध्येच डमी आली, तर त्याचंही तोंड खाली जातं. तो तोंड पुन्हा लक्ष्यावर आणण्यासाठी दाब देतच असतो, फक्त गोळी सुटल्यानंतर. म्हणून केवळ तोंड खाली गेलं यावरून निदान करू नये. कागदावरची छिद्रं मध्यात असतील, तर तो दाब दोष नाही, कौशल्य आहे.

गोळी खाली जाण्याचं दुसरं कारण हाताच्या रचनेत आहे. ग्लॉकसारख्या पिस्तुलाचा चाप ओढायला साधारण अडीच किलो जोर लागतो, आणि रिकाम्या मॅगझीनसह पिस्तुलाचं स्वतःचं वजन असतं सुमारे 700 ग्रॅम. वजनाच्या तिपटीहून जास्त जोर एका बोटाने लावायचा आणि बाकी वस्तू जागची हलू द्यायची नाही! त्यात बोटं वाकवणारे स्नायू पूर्णपणे स्वतंत्र नसतात. तर्जनी जोरात वाकवली की करंगळी आणि अनामिकाही नकळत आवळतात, आणि उजव्या हातात तोंड खाली-डावीकडे वळतं. ऑलिम्पिक नेमबाजीशी तुलना केली की हे कळतं. कोल्हापूरच्या राही सरनोबतने 2018 च्या आशियाई खेळांत ज्या 25 मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्ण जिंकलं, त्यात चाप ओढायला किमान 1000 ग्रॅमचा जोर लागावा असा नियम असतो, तर 10 मीटर एअर पिस्तुलात 500 ग्रॅम. अंगावर बाळगायच्या पिस्तुलाचा चाप इतका हलका ठेवत नाहीत. गडबडीत बोट लागून गोळी सुटू नये, हे तिथे नेमापेक्षा महत्त्वाचं आहे.

मग पकड कशी असावी? चाप ओढणारा हात मुठीवर जितका उंच बसेल तितका बसवावा, कारण नळी हाताच्या वर असते आणि हे अंतर वाढलं की तोंड जास्त उसळतं. मुठीची मोकळी राहिलेली बाजू दुसऱ्या हाताच्या तळव्याने पूर्ण झाकावी, दोन्ही अंगठे पुढे. आवळायचं काम मुख्यतः आधाराच्या हाताने करावं, म्हणजे चापाचं बोट मोकळं राहतं. मनगट सैल ठेवलं तर स्लाइडला मागे जायला टेकू मिळत नाही, रिकामं काडतूस नीट फेकलं जात नाही आणि स्लाइडच्या बाजूच्या, काडतूस बाहेर पडायच्या खिडकीत उभं अडकतं. असं वारंवार झालं तर पिस्तूल दुरुस्तीला देण्याआधी मनगट तपासावं.

सूचना कोणत्या शब्दांत द्यायची, यानेही फरक पडतो. लक्ष शरीराच्या अवयवाकडे लावण्यापेक्षा हालचालीच्या परिणामाकडे लावलं तर कौशल्य लवकर बसतं, असं हालचाली शिकण्याच्या अभ्यासक गॅब्रिएल वुल्फ यांच्या 1990 च्या दशकापासूनच्या प्रयोगांत वारंवार दिसलं. म्हणून ‘करंगळी आवळू नका’ म्हणण्यापेक्षा ‘साइट न हलवता चाप सरळ मागे आणा’ हे जास्त उपयोगी पडतं. शिया आणि मॉर्गन यांचा 1979 चा प्रयोगही प्रशिक्षकांनी लक्षात ठेवावा. एकच हालचाल सलग घोटणारे सरावात पुढे दिसतात, पण काही दिवसांनी तपासलं तर आलटून-पालटून सराव केलेलेच जास्त टिकवून ठेवतात. तीन तास एकाच अंतरावरून शंभर गोळ्या झाडण्यापेक्षा अंतर, वेग आणि सुरुवातीची स्थिती बदलत पन्नास झाडाव्यात. पैसेही वाचतात.

मोठा आवाज हाही दचकण्याचं मोठं कारण. पिस्तुलाचा बार कानाशी 155 ते 165 डेसिबलपर्यंत जातो, आणि 140 च्या वरचा क्षणिक आवाज धोकादायक मानतात. बंदिस्त रेंजवर कानात फोमचे प्लग आणि वर इअरमफ, दोन्ही घातले की अनेकांचं दाबणं त्याच दिवशी कमी होतं. त्यानंतरही राहिलं तर काही सत्रं कमी आवाजाच्या आणि कमी धक्क्याच्या .22 इंची पिस्तुलावर काढावीत. चाळिशी उलटलेल्यांना पुढची साइट धूसर दिसते, त्यांच्यासाठी स्लाइडवर बसवायची, काचेत लाल ठिपका दाखवणारी साइट सोयीची, कारण नजर लक्ष्यावरच ठेवता येते.

हे सगळं शिकवायला वेळ किती मिळतो? 2024 पर्यंत अमेरिकेच्या 29 राज्यांत पिस्तूल लपवून बाळगायला परवान्याची अटच उरली नव्हती, मग प्रशिक्षणाची सक्ती कुठून येणार! न्यूयॉर्कमध्ये 2022 च्या कायद्याने वर्गात 16 तास आणि प्रत्यक्ष गोळीबाराचे 2 तास सक्तीचे केले. दोन तासांत हाताची सवय बदलत नाही. म्हणून निर्णयाचा भाग तरी नीट शिकवायलाच हवा.

सॉल्ट लेक सिटीच्या पोलिस दलातील डेनिस ट्युलर यांनी 1983 मध्ये एक मोजणी मांडली: सुरा घेतलेला माणूस 21 फूट, म्हणजे तेच 7 यार्ड, साधारण दीड सेकंदात पार करतो, आणि होल्स्टरमधून, म्हणजे कमरेच्या म्यानातून, पिस्तूल काढून गोळी मारायलाही तेवढाच वेळ लागतो. पुढे लोकांनी त्याचा ‘21 फुटांचा नियम’ केला, जणू त्या रेषेच्या आत आलेल्यावर गोळी झाडायची मुभाच मिळते. तसा अर्थ त्यात नाही. बाजूला सरकणं, मध्ये टेबल-गाडी आणणं, निघून जाणं, हेच पर्याय त्या दीड सेकंदातून निघतात. थांबण्याचंही तसंच. सेकंदाला चार गोळ्या झाडणाऱ्या माणसाला धोका संपल्याचं दिसून बोट थांबवायला पाव सेकंद किंवा जास्त लागतो. तेवढ्यात आणखी एक-दोन गोळ्या गेलेल्या असतात, आणि न्यायालयात त्यांचाही जाब द्यावा लागतो. वेग वाढवायला शिकवणाऱ्याने हे आधी शिकवावं.

अनेक अपघात पिस्तूल होल्स्टरमध्ये परत ठेवताना होतात. सदऱ्याची कड किंवा जाकिटाच्या नाडीचा गोळा होल्स्टरमध्ये शिरतो, पिस्तूल खाली दाबताना तो चापात अडकतो आणि गोळी मांडीत जाते. म्हणून काढताना घाई चालेल, ठेवताना कधीच नाही. बोट चापाबाहेर सरळ, कपडा दुसऱ्या हाताने वर धरलेला, नजर होल्स्टरवर, आणि अडथळा जाणवला की थांबून बाहेर काढायचं. रेंजवर बंद गळ्याचा सदरा आणि पुढे छज्जा असलेली टोपी घालायला सांगतात, त्यामागेही असंच कारण आहे. उडालेलं गरम काडतूस गळ्यात शिरलं की माणूस अंग झटकतो आणि भरलेलं पिस्तूल शेजाऱ्याकडे वळतं.

घरचा कोरडा सराव दहा मिनिटं पुरतो. काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवायची, मॅगझीन काढायचं, नळीच्या मागचा काडतुसाचा कक्ष डोळ्यांनी आणि बोटानेही तपासायचा, नेम अशा भिंतीवर धरायचा जिच्यातून गोळी पलीकडे जाणार नाही. सराव संपला की ‘संपला’ असं मोठ्याने म्हणायचं आणि पिस्तूल लगेच कुलूपबंद करायचं. अनेकदा गोळी सुटते ती पिस्तूल पुन्हा भरून झाल्यावर, ‘अजून एकदाच’ म्हणून चाप ओढताना.