मोबाईलवरचे ‘80 टक्के’ म्हणजे ओल नव्हे

ॲपवर 80 टक्के पाऊस दिसला की चाड्यावर मूठ धरायची, म्हणजे पेरणी सुरू करायची, हा समज जालना-परभणीकडं दर जूनमध्ये फिरतो. चूक आहे. ते 80 टक्के म्हणजे पाऊस येण्याची शक्यता. किती येईल, हे त्यात नाहीच. एक-दोन मिलिमीटर शिंतडून गेला तरी अंदाज खरा! हवामान खात्याचं 2025चं नवं मॉडेलसुद्धा 6 किलोमीटरच्या चौकटीनं बघतं. आपल्याकडं बांधाच्या अलीकडं चिखल, पलीकडं फुफाटा. सोयाबीन पेरायला कृषी विद्यापीठाचा सल्ला 75 ते 100 मिलिमीटरचा आहे. पडून गेलेल्या पावसाचा, पडणाऱ्या नव्हे. वडील वीतभर उकरून मातीचा लाडू वळतो का बघतात. गेल्या साली मी हसलो, ॲप बघून पेरलं. बियाणं दुबार आणलं.