मुंबई गोदीची रेल्वे : पार्श्वभूमी

बॅलार्ड पिअर ते वडाळा ही गोदीची लाइन १९१५ साली सुरू झाली. लोकलची हार्बर लाइन वेगळी. माझगाव-शिवडीच्या भरावातून ५८३ एकर जमीन हाती आली, तिथे धान्य, कापूस, कोळसा यांचे डेपो बसवले आणि ते सगळे या रुळांनी धक्क्यांना जोडले. विलायतेची डाकबोट लागली की उतारू बॅलार्ड पिअर मोल स्टेशनातूनच पेशावरच्या गाडीत बसत. १९४४ च्या गोदीतल्या स्फोटावर पुष्कळ लिहिले गेले आहे. त्यानंतरही मालाच्या वाघिणी पुन्हा धावू लागल्या, आणि कित्येक दशके धावत राहिल्या.

खरा उतार लागला तो कंटेनरमुळे. १९८९ मध्ये न्हावा-शेवा बंदर सुरू झाले आणि मुंबईचा माल खाडीपलीकडे गेला. उरलेल्या मालगाड्यांना वडाळ्यापुढे लोकलच्याच रुळांवरून जायचे, म्हणजे गर्दीच्या वेळी थांबायचे. वक्तशीर कंटेनर वाहतूक अशाने होत नाही.

यानंतरचा एक निर्णय आजही खटकतो. समुद्रात नवे कंटेनर टर्मिनल बांधायचे ठरले आणि कंटेनर रचायला जागा हवी म्हणून प्रिन्सेस व व्हिक्टोरिया या एकोणिसाव्या शतकातल्या दोन्ही गोद्या बुजवल्या. माल रेल्वेने बाहेर काढण्यासाठी वडाळा ते कुर्ला स्वतंत्र मार्गाची योजनाही आखली. जुन्या गोद्यांत आजची मोठी जहाजे मावत नाहीत, हे समर्थकांचे म्हणणे बरोबर होते. पण बुजवलेली गोदी परत मिळत नाही. बाहेर जाणारा मार्ग आधी पक्का करून मग भराव घालायला हवा होता. धक्के उभे राहिले, पण ठरल्याप्रमाणे कंटेनर आलेच नाहीत. तिथे मोटारींची जहाजे लागू लागली. रेल्वेला नवे आयुष्य मिळण्याची ती शेवटची संधी होती.

पुढे कोळशाच्या धुळीविरुद्ध शिवडीच्या रहिवाशांनी आवाज उठवला. तक्रार रास्तच होती. कोळसा बंद झाला आणि रुळांवरचा मोठा माल गेला. आता इंजिने नाहीत. रस्ता ओलांडणारे रूळ डांबरात अर्धे बुडाले आहेत, बाजूला ट्रक उभे असतात.

पूर्व किनाऱ्याच्या विकासाच्या आराखड्यांत बागा, क्रूझ टर्मिनल, निवासी संकुले असे बरेच काही येते. दाटीवाटीच्या या बेटावर दक्षिणेकडून वडाळ्यापर्यंत सरकारी मालकीचा, या रुळांच्या जागेसारखा सलग पट्टा दुसरा मिळणे कठीण. तो वाहतुकीसाठी अखंड राखायचा की तुकड्यातुकड्यांनी भाडेपट्ट्याने द्यायचा, हे इमारतींचे नकाशे मंजूर होण्याआधी ठरायला हवे.