बीजिंगचे ४१३ चेंडू: खालून फेकण्यामागचे विज्ञान

बीजिंग ऑलिम्पिकच्या महिला सॉफ्टबॉल स्पर्धेत २० ऑगस्ट २००८ रोजी जपानची पिचर, म्हणजे चेंडू फेकणारी खेळाडू, युकिको उएनो हिने एकाच दिवशी दोन सामने खेळून ३१८ चेंडू फेकले. पहिला सामना अमेरिकेविरुद्धचा होता. तो नऊ डाव चालला, जपान ४-१ असा हरला आणि उएनोने त्यात १४७ चेंडू टाकले. त्या स्पर्धेच्या बाद फेरीची रचना अशी होती की, साखळीत पहिल्या दोन क्रमांकांवर आलेल्या संघांपैकी हरणाऱ्याला अंतिम फेरी गाठण्याची आणखी एक संधी मिळत असे. ती संधी त्याच दिवशी ऑस्ट्रेलियाविरुद्ध होती. नेहमीच्या सात डावांऐवजी बारा डावांपर्यंत लांबलेला हा सामना जपानने ४-३ असा जिंकला आणि उएनोने त्यात १७१ चेंडू टाकले. दुसऱ्या दिवशी अंतिम सामन्यात तीच पुन्हा उभी राहिली, आणखी ९५ चेंडू टाकले, आणि १९९६ पासून सलग तीन ऑलिम्पिक सुवर्णपदके जिंकणाऱ्या अमेरिकेला जपानने ३-१ असे हरवले. दोन दिवसांत ४१३ चेंडू! व्यावसायिक बेसबॉलमध्ये एका सामन्यात साधारण शंभर चेंडू झाले की पिचरला बदलण्याचा विचार सुरू होतो आणि त्यानंतर त्याला काही दिवस विश्रांती मिळते.

या पराक्रमाचे एक सोपे स्पष्टीकरण खेळाच्या जगात दीर्घकाळ प्रचलित आहे. सॉफ्टबॉलमध्ये चेंडू खालून फेकला जातो, ही खांद्याची नैसर्गिक हालचाल आहे, त्यामुळे त्यात इजा होत नाही आणि पिचरने कितीही चेंडू टाकले तरी चालते, असे ते स्पष्टीकरण. क्रिकेटवर वाढलेल्या आपल्यासारख्यांना ते पटकन पटते, कारण खालून टाकलेला चेंडू म्हटला की आपल्याला लहान मुलांना दिलेला सोपा चेंडू आठवतो, किंवा १९८१ मध्ये ट्रेव्हर चॅपेलने मेलबर्नला जमिनीवरून सरपटत टाकलेला तो कुप्रसिद्ध चेंडू. मात्र खांद्यावर प्रत्यक्ष किती बल येते याची मोजमापे पाहिली, की हे स्पष्टीकरण टिकत नाही. त्यात तथ्याचा अंश आहे, पण तो निम्म्याहूनही कमी आहे, आणि उरलेल्या चुकीच्या भागाची किंमत तरुण खेळाडूंचे खांदे मोजत आले आहेत, असे माझे मत आहे.

आधी ही फेक नीट पाहू. पिचर फेकण्याची जागा दाखवणाऱ्या, जमिनीत बसवलेल्या पाटीवर उभी राहते, मग चेंडूचा हात पुढून वर, डोक्यावरून मागे आणि पुन्हा खाली असा जवळपास पूर्ण वर्तुळात फिरवते. हात वर जात असतानाच ती मागच्या पायाने जमीन जोरात ढकलून पुढे झेपावते. पुढचा पाय जमिनीवर टेकतो तो पाटीपासून बराच पुढे, आणि टेकताक्षणी गुडघा ताठ धरून तो शरीराची पुढची गती अडवतो. त्या क्षणी त्या पायावर शरीराच्या वजनाहून अधिक बल येते. अडवलेली ही गती नाहीशी होत नाही, तर कमरेतून धडात, धडातून दंडात आणि दंडातून कोपराखालच्या हातात जाते. प्रत्येक भाग आधीच्या भागापेक्षा हलका असल्यामुळे प्रत्येक टप्प्यावर वेग वाढत जातो. चेंडू सुटतो तेव्हा हात मांडीजवळ असतो, आणि अनेक पिचर त्या वेळी कोपराखालचा भाग मांडीला किंवा कमरेला घासून जाऊ देतात. मनगट अगदी शेवटी वळते. वेगाचा मोठा वाटा पायांनी आणि धडाने दिलेला असतो, हात तो चेंडूपर्यंत पोहोचवतो.

आता खांद्याकडे येऊ. गोफण फिरवताना हाताला बाहेरच्या दिशेने ओढ जाणवते, तशीच ओढ इथे खांद्याच्या सांध्याला बसते, आणि ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. सॉफ्टबॉलचा चेंडू सुमारे १९० ग्रॅमचा, म्हणजे क्रिकेटच्या चेंडूपेक्षा जड असतो. तो ताशी ११० किलोमीटर वेगाने सुटत असेल आणि वर्तुळाची त्रिज्या ढोबळमानाने ७० सेंटिमीटर धरली, तर एकट्या चेंडूला वर्तुळात धरून ठेवण्यासाठी सुमारे २५० न्यूटन बल लागते, म्हणजे साधारण २६ किलो वजन हातात लटकवल्याइतके. हे झाले फक्त चेंडूचे. हाताचे स्वतःचे वस्तुमान तीन किलोच्या आसपास असते आणि तोही त्याच वर्तुळात फिरत असतो.

प्रत्यक्ष मोजमापही उपलब्ध आहे. महिला सॉफ्टबॉलचा ऑलिम्पिकमध्ये पहिल्यांदा समावेश झाला तो १९९६ च्या अटलांटा स्पर्धेत. सामने जॉर्जिया राज्यातल्याच कोलंबस शहरात झाले. तिथे खेळणाऱ्या पिचरांचे चित्रीकरण करून संशोधकांनी २४ खेळाडूंच्या हालचालींचे विश्लेषण केले. दंडाचे हाड खांद्याच्या खोबणीतून बाहेर खेचणारे बल सरासरीने शरीराच्या वजनाच्या ८० टक्के इतके आढळले. ६५ किलो वजनाच्या खेळाडूसाठी याचा अर्थ प्रत्येक फेकीत ५२ किलोची ओढ असा होतो. वरून चेंडू फेकणाऱ्या बेसबॉलच्या पिचरच्या खांद्यावर येणाऱ्या बलाशी याची तुलना करता येते. मग खालून फेकणे निर्धोक कसे म्हणावे?

फरक आहे तो भार कुठे पडतो यात. वरून फेकताना दंड आधी मागे पिळला जातो आणि मग प्रचंड वेगाने पुढे फिरतो. या पिळण्यामुळे कोपराच्या आतल्या बाजूच्या अस्थिबंधावर मोठा ताण येतो, आणि चेंडू सुटल्यावर मोकळा सुटलेला हात थांबवण्याचे काम खांद्याच्या मागच्या लहान स्नायूंना करावे लागते. खालून फेकताना हा टोकाचा पीळ नसतो, आणि मांडीला घासल्यामुळे हात थांबवण्याचा काही भार शरीर उचलते. बदल्यात दंडाच्या पुढच्या स्नायूला, म्हणजे ज्याला आपण बायसेप्स म्हणतो त्याला, एकाच वेळी दोन कामे करावी लागतात: खोबणीतून निसटू पाहणारा दंड धरून ठेवणे आणि वेगाने सरळ होणाऱ्या कोपराला आवर घालणे. स्नायूंतील विद्युत संकेत मोजणाऱ्या अभ्यासात असे दिसले आहे की, वरून फेकण्याच्या तुलनेत या पद्धतीत बायसेप्स लक्षणीयरीत्या अधिक काम करतो. सॉफ्टबॉलच्या पिचर खांद्याच्या पुढच्या बाजूला दुखते अशी तक्रार का करतात, याचा उलगडा इथे होतो. खालून फेकण्यात भाराची जागा बदलते, भार नाहीसा होत नाही, आणि थकलेला स्नायू सांधा सैल सोडू लागला की तोच भार अस्थिबंधांवर जातो. उएनोने जे केले ते तिच्या तयारीच्या बळावर आणि असामान्य तंत्राच्या बळावर. ते पाहून शालेय संघातल्या एकुलत्या एका चांगल्या पिचरला, मग ती अमेरिकेतल्या ओक्लाहोमातली असो की महाराष्ट्रातल्या एखाद्या जिल्ह्यातली, दिवसभर सगळे सामने टाकायला लावणे अत्यंत चुकीचे आहे.

समोर बॅट घेऊन उभ्या असलेल्या खेळाडूची अडचण वेगळ्या प्रकारची आहे. आंतरराष्ट्रीय महिला सॉफ्टबॉलमध्ये पिचरची पाटी आणि होम प्लेट (बॅटर जिच्याशेजारी उभी राहते ती जमिनीवरची पाटी) यांतले अंतर १३.११ मीटर असते. पिचर झेपावून पुढे येते, त्यामुळे चेंडू प्रत्यक्षात ११ मीटरच्या आसपास प्रवास करतो. ताशी ११० किलोमीटर वेगाने सुटलेला चेंडू हे अंतर सुमारे ०.३८ सेकंदात कापतो. क्रिकेटमध्ये ताशी १४० किलोमीटर वेगाचा चेंडू फलंदाजापर्यंत पोहोचायला जवळपास अर्धा सेकंद घेतो. म्हणजे वेगमापकावर लहान दिसणारा आकडा प्रत्यक्षात कमी वेळ देतो. त्या ०.३८ सेकंदांतला सुमारे ०.१५ सेकंद बॅट फिरवण्यातच जातो आणि डोळ्यांनी पाहिलेले स्नायूंपर्यंत पोहोचायला साधारण ०.२ सेकंद लागतात. चेंडू पाहून मग ठरवू, असे म्हणायला वेळच उरत नाही.

मग या खेळाडू चेंडू मारतात कशा? त्या चेंडू सुटण्याआधीच पिचरचे शरीर वाचतात: खांद्याचा कोन, मनगटाची ठेवण, चेंडू सुटण्याची जागा. हे वाचन हजारो फेकी पाहून मेंदूत साठते, आणि ते त्या विशिष्ट हालचालीपुरतेच उपयोगी पडते. २००४ मध्ये एका प्रदर्शनीय सामन्यात अमेरिकेची ऑलिम्पिक पिचर जेनी फिंच हिने बेसबॉलमधल्या दिग्गज अल्बर्ट पुहोल्सला बाद केले, त्याची बॅट चेंडूला लागलीच नाही. पुहोल्सची नजर किंवा चपळाई कमी नव्हती, पण वरून फेकणाऱ्यांवर घडलेली त्याची पारख कमरेखालून येणाऱ्या चेंडूपुढे निरुपयोगी ठरली.

त्यातच भर पडते ती फिरकीमुळे बदलणाऱ्या चेंडूच्या मार्गाची. ‘राइज बॉल’ हा या खेळातला सर्वांत चर्चेतला चेंडू आहे, आणि तो खरोखर वर चढतो का, यावर प्रशिक्षक आणि भौतिकशास्त्रज्ञ यांच्यात जुना वाद आहे. गणित करून पाहू. उलट्या फिरकीने फिरणारा चेंडू हवेचा प्रवाह खाली वळवतो आणि त्याची प्रतिक्रिया म्हणून चेंडूला वरच्या दिशेने बल मिळते. याला मॅग्नस परिणाम म्हणतात. सुमारे ९.७ सेंटिमीटर व्यासाचा सॉफ्टबॉल सेकंदाला वीस फेरे घेत असेल, तर वरील वेगाला हे बल त्याच्या वजनाच्या साधारण ४० टक्के भरते. वजनाइतके बल मिळाल्याशिवाय मार्ग वर वळू शकत नाही, म्हणून उसळी घेतल्यासारखा तो मध्येच वर वळतो हे खरे नाही. पण पिचर चेंडू जमिनीपासून साधारण ६० सेंटिमीटर उंचीवरून, सुमारे ५ अंश वरच्या दिशेने सोडते. फिरकी नसती तर ०.३८ सेकंदांत गुरुत्वाकर्षणाने चेंडू आपल्या सरळ रेषेपासून ७१ सेंटिमीटर खाली आला असता आणि प्लेटवर ८२ सेंटिमीटर उंचीवर, म्हणजे कमरेजवळ पोहोचला असता. फिरकीमुळे तो केवळ ४३ सेंटिमीटर खाली येतो आणि ११० सेंटिमीटरवर, छातीच्या उंचीवर पोहोचतो. चढत तर तो जातोच, पण बॅटरला चकवतो तो या २८ सेंटिमीटरच्या फरकामुळे, कारण तिच्या मेंदूने अंदाज बांधलेला असतो कमरेच्या उंचीचा, आणि बॅटची जाडी असते फक्त ५.७ सेंटिमीटर. प्रशिक्षकांचे डोळे आणि शास्त्रज्ञांचे समीकरण, दोन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत.

हीच फिरकी उलटी दिली की ‘ड्रॉप बॉल’ होतो. तो तेवढ्याच प्रमाणात अधिक खाली जातो, आणि त्याच हालचालीतून संथ सोडलेला ‘चेंजअप’ वेळेचा अंदाज चुकवतो.

बीजिंगच्या त्या अंतिम सामन्यानंतर सॉफ्टबॉल ऑलिम्पिकमधून गेले. तो निर्णय २००५ मध्येच सिंगापूरला झाला होता. सॉफ्टबॉल ठेवण्याच्या बाजूने ५२ आणि विरोधात ५२ मते पडली, आणि बहुमत न मिळाल्याने खेळ वगळला गेला. एका मताने एका संपूर्ण पिढीच्या खेळाडूंचे सर्वोच्च व्यासपीठ हिरावले गेले, याची खंत आजही वाटते. टोकियो स्पर्धेत तो परतला, आणि त्या स्पर्धेतला पहिला सामना उद्‌घाटन सोहळ्याच्याही आधी, २१ जुलै २०२१ रोजी फुकुशिमात, जपान आणि ऑस्ट्रेलिया यांच्यात सॉफ्टबॉलचाच झाला.

उएनो त्या स्पर्धेदरम्यान ३९ वर्षांची झाली आणि तरीही ती जपानची मुख्य पिचर होती. फरक इतकाच की आता तिच्या जोडीला २० वर्षांची डावखुरी मिउ गोतो होती. योकोहामाच्या अंतिम सामन्यात उएनोने सुरुवात केली, सहाव्या डावात तिला विश्रांती देऊन गोतोला आणले गेले, आणि सुरुवातीच्या संघातल्या, बदललेल्या खेळाडूला एकदा परत येऊ देणाऱ्या सॉफ्टबॉलच्या नियमाचा लाभ घेऊन सातव्या डावात उएनो पुन्हा मैदानात उतरली. जपानने अमेरिकेला २-० असे हरवले. टोकियोत सहा संघांच्या साखळीनंतर पहिले दोन संघ थेट अंतिम सामन्यात गेले, त्यामुळे पदकासाठी एकाच दिवशी दोन सामने खेळण्याची वेळ कोणावर आली नाही. पुढचे ऑलिम्पिक सॉफ्टबॉल २०२८ मध्ये लॉस एंजेलिस स्पर्धेचा भाग म्हणून ओक्लाहोमा सिटीत होणार आहे, आणि तिथल्या वेळापत्रकात दोन सामन्यांमधली विश्रांती किती असेल हे पिचरांच्या खांद्यांच्या दृष्टीने पाहण्यासारखे आहे.