थायाझोल

गंधक व नायट्रोजन यांचा प्रत्येकी एक आणि कार्बनाचे तीन अणू मिळून झालेले पंचकोनी वलय असलेले कार्बनी संयुग. वलयात गंधकाला पहिले, तर नायट्रोजनाला तिसरे स्थान दिले जाते. थायाझोल हा वर्णहीन किंवा फिकट पिवळा, पिरिडिनासारख्या वासाचा द्रव असून तो सुमारे ११७° से. तापमानाला उकळतो. वलय ॲरोमॅटिक (काही इलेक्ट्रॉन साऱ्या वलयात विखुरलेले) असल्यामुळे बरेच स्थिर असते. जर्मन रसायनशास्त्रज्ञ आर्थर हान्च यांनी १८८७ मध्ये दिलेली पद्धत ते तयार करण्यासाठी आजही वापरली जाते. तीनुसार क्लोरोॲसिटोन व थायोयूरिया यांच्यापासून २-अमिनो-४-मिथिलथायाझोल मिळते.

या वलयाचे खरे सामर्थ्य गंधक व नायट्रोजन यांच्यामधल्या, म्हणजे दुसऱ्या स्थानावरील कार्बनात आहे. नायट्रोजनाला आणखी एक गट जोडला जाऊन वलयावर धन विद्युत् भार आला, की या कार्बनावरील हायड्रोजन सहज सुटतो. ब१ जीवनसत्त्वात (थायामिनात) नेमकी हीच रचना असते. हायड्रोजन गेल्यावर हा कार्बन पायरुव्हिक अम्लाला जोडला जातो आणि त्यातून कार्बन डाय-ऑक्साइड बाहेर पडतो, असे अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ रोनाल्ड ब्रेस्लो यांनी १९५८ मध्ये मांडले. यीस्टमुळे होणाऱ्या किण्वनातही हीच विक्रिया घडते. मात्र अल्कधर्मी पाण्यात याच जागी हायड्रॉक्साइड जोडला जाऊन वलय उघडते. त्यामुळे कडधान्ये लवकर शिजावीत म्हणून त्यांत खाण्याचा सोडा घातला, तर त्यांतील थायामिनाचा बराच नाश होतो. ही सवय टाळलेलीच बरी.

थायाझोल वलय असलेल्या औषधांपैकी सल्फाथायाझोल हे जुने जंतुनाशक, तर सेफोटॅक्झाइम (प्रतिजैविक), फॅमोटिडिन (जठरातील अम्ल कमी करणारे) व फेबुक्सोस्टॅट (युरिक अम्ल कमी करणारे) ही आज प्रचलित असलेली उदाहरणे आहेत. रिटोनाविर या एचआयव्हीवरील औषधाच्या रेणूत दोन थायाझोल वलये असतात. त्यांतील एकाचा नायट्रोजन यकृतातील औषधे मोडणाऱ्या एंझाइमाच्या लोहाला धरून बसतो, आणि म्हणून सोबत दिलेले दुसरे औषध रक्तात अधिक काळ टिकते.

बेंझीन वलयाशी जोडलेल्या थायाझोलाला बेंझोथायाझोल म्हणतात. काजव्याच्या प्रकाशामागील ल्युसिफेरिनात ते असते. २-मर्कॅप्टोबेंझोथायाझोल हे रबराच्या व्हल्कनीकरणाचा (गंधकासह तापवून रबर मजबूत करण्याच्या क्रियेचा) वेग वाढवते.

कपाशीवरील मावा व तुडतुडे यांच्यासाठी फवारले जाणारे थायमेथोक्झाम हे क्लोरोथायाझोलाचे अनुजात (त्याच्या रचनेवर आधारलेले संयुग) होय. ते व त्यापासून बनणारे क्लोथियानिडिन मधमाश्यांना अत्यंत घातक असल्याने युरोपीय संघाने २०१८ मध्ये दोन्हींच्या उघड्या शेतातील वापरावर बंदी घातली.